48 तासांची मुदत : कासिम रझवीला दार कुणी उघडलं?

गेल्या उन्हाळ्यात शेजारचे निवृत्त जमादार कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज घेऊन घरी आले. मुलगा टोरांटोत, नातवाला अजून मांडीवर घेतलेलं नाही, आणि गाडी एका प्रश्नावर अडलेली. तुम्ही कधी लष्करात, पोलिसांत, सुरक्षा दलात किंवा एखाद्या सशस्त्र गटात होता का? "सर, पोलिसात होतो म्हणून लिहिलं तर येऊ देत नाहीत का?" असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. मी म्हणालो, जे खरं आहे तेच लिहा, नोकरी केली हा काही गुन्हा नाही. अमेरिकेच्या अर्जात तर याहून थेट प्रश्न असतात. छळ केला का, नरसंहारात भाग घेतला का, कुणाला खटल्याशिवाय मारलं का, तसा हुकूम दिला का. वाचताना माणूस दचकतो. हे प्रश्न कुणासाठी छापलेत, हे जमादारांना समजावताना मला दूरचं काही शोधावं लागलं नाही. आपल्या लातूरचंच प्रकरण होतं.

तेच इथे सविस्तर मांडतो आहे. जुलमी राजवट चालवणाऱ्यांना, राजवट बुडाल्यावर, दुसऱ्या देशाने आपल्यात येऊ द्यावं का, असा हा प्रश्न आहे. मराठवाड्यात आपण तो कधी अशा शब्दांत विचारला नाही, पण त्याचा एक अख्खा नमुना आपल्या डोळ्यांदेखत घडून गेला आहे.

काय घडलं

सय्यद कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. 1927 साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संस्थानातल्या मुस्लिम संघटनेचं नेतृत्व बहादूर यार जंग यांच्याकडे होतं. ते 1944 मध्ये वारले आणि पुढे दोन वर्षांत मजलिसची सूत्रं रझवीकडे आली. मजलिसचं स्वयंसेवक दल म्हणजे रझाकार. नावाला स्वयंसेवक, पण हातात बंदुका, आणि पाठीशी संस्थानची पोलीस चौकी.

29 नोव्हेंबर 1947 रोजी निजामाने भारताशी जैसे थे करार केला. त्याच्या आधी ऑक्टोबरात रझाकारांच्या जमावाने हैदराबादेत भारताशी वाटाघाटी करणाऱ्यांच्या घरांना वेढे घातले होते आणि निजामाने शिष्टमंडळच बदललं. एका खासगी संघटनेच्या अध्यक्षाने राज्याचा निर्णय फिरवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. नवे पंतप्रधान मीर लायक अली झाले. मग वर्षभर खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ, खंडणी. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून काळ मोजतात तो 'रझाकारीच्या आधी' आणि 'रझाकारीनंतर' असा. हजारो कुटुंबं रातोरात बार्शी, सोलापूरकडे निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसची पोरं आत येऊन करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी उडवत होती. 22 ऑगस्ट 1948 रोजी हैदराबादेत 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. संस्थानाने भारतात सामील व्हावं असं ते लिहीत होते. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हातही तोडला.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात, आणि 17 तारखेला हैदराबादच्या सैन्याने शरणागती पत्करली. रझवीला अटक झाली. खास न्यायाधिकरणापुढे खटले चालले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. संविधान लागू झाल्यानंतरही ती खास कार्यपद्धती चालू ठेवणं समानतेच्या तत्त्वात बसतं का, यावर 1953 साली न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले आणि बहुमताने रझवीची मागणी फेटाळली गेली. ज्या माणसाने कुणाला वकील, दलील, अपील यांतलं काही दिलं नव्हतं, त्याला ते सगळं मिळालं. मला याचा अभिमान वाटतो.

शेवटी जी शिक्षा टिकली ती बीबीनगरच्या दरोड्याची होती, 7 वर्षं. बीबीनगर तेलंगणात, तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यात. तिथे 1948 च्या जानेवारीत रेल्वे स्टेशनजवळच्या वस्तीवर रझाकारांनी हल्ला केला होता.

1957 च्या सप्टेंबरात तो येरवड्यातून सुटला. तोवर त्याचं संस्थान नकाशावरून पुसलं गेलं होतं. 1 नोव्हेंबर 1956 पासून मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात होता. सुटकेला अट होती की 48 तासांत पाकिस्तानला निघून जायचं. तेवढ्या वेळात त्याने हैदराबाद गाठलं, मजलिसची धुरा अब्दुल वाहिद ओवेसी यांच्याकडे सोपवली आणि कराचीला गेला. पाकिस्तानने आश्रय दिला. 1970 मध्ये तो तिथेच वारला.

लायक अलीने तर तेवढीही वाट पाहिली नव्हती. 1950 च्या मार्चमध्ये हैदराबादेतल्या नजरकैदेतून निसटून तो मुंबईमार्गे कराचीला पोचला होता. संस्थानचा परराष्ट्र विभाग पाहणारा मोईन नवाज जंग शरणागतीच्या वेळी परदेशातच होता, संयुक्त राष्ट्रांपुढे संस्थानची बाजू मांडायला गेलेला. निजामाच्या लंडनच्या खात्यातले दहा लाखांहून जास्त पौंड त्या धामधुमीत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावावर गेले. त्या पैशावरचा दावा लंडनच्या न्यायालयात 2019 साली निकाली निघाला, भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने, आणि रक्कम तोवर साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. पैशाचा हिशोब 71 वर्षांनी का होईना लागला, माणसांचा लागलाच नाही.

पद पाहायचं की हात?

आता हेच प्रकरण आजच्या कायद्यांपुढे ठेवून पाहू. 1957 सालच्या पाकिस्तानला असा कायदा बांधील नव्हता, हे उघड आहे. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात एक कलम आहे, 1 फ. युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे केल्याचा गंभीर संशय असलेल्या माणसाला निर्वासित म्हणून संरक्षण मागता येत नाही. त्या करारावर पाकिस्तानने सही केलेली नाही, आणि आपणही केलेली नाही. अमेरिकेत नाझींच्या छळात सामील असलेल्यांना येण्यास बंदी घालणारी स्पष्ट दुरुस्ती झाली 1978 साली. म्हणजे युद्ध संपून 33 वर्षं उलटल्यावर, जेव्हा कितीतरी जण तिथे नागरिक होऊन, घरं बांधून, निवांत बसले होते. छळ आणि बेकायदा हत्या करणाऱ्या कोणत्याही राजवटीच्या माणसाला ती बंदी लागू व्हायला 2004 उजाडलं.

कॅनडाचा कायदा मला जास्त बोलका वाटतो, कारण त्यात दोन वेगळ्या चाळण्या आहेत. एक चाळणी पदाची. एखाद्या राजवटीने मानवी हक्कांचं घोर उल्लंघन केलं असं मंत्र्यांनी ठरवलं, की तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना प्रवेश नाही. मंत्रिमंडळ, सल्लागार, बडे सनदी आणि लष्करी अधिकारी, गुप्तहेर खातं, राजदूत, वरिष्ठ न्यायाधीश असे सगळे त्यात येतात. प्रत्येकाने स्वतः काय केलं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. दुसरी चाळणी कृत्याची, तिथे मात्र माणसाने काय केलं तेच पाहिलं जातं.

पदाच्या चाळणीत लायक अली अडकतो, पंतप्रधानच तो. मोईन नवाज जंगही अडकतो. आणि रझवी? रझवी सरळ खाली गळून पडतो. तो ना मंत्री होता, ना तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा अधिकारी, ना चौकीवरचा साधा अमीन म्हणजे फौजदार. निजाम सरकारच्या पगारपत्रकावर त्याचं नाव नव्हतं. ज्याच्या शब्दावर शिष्टमंडळं बदलत होती तो कागदोपत्री एका संघटनेचा अध्यक्ष आणि लातूरचा वकील. जुलमी राजवटींची ही चाल आपण नीट समजून घ्यायला हवी. घाण काम सरकारी शिक्क्याशिवाय करणारी एक फौज उभी केली जाते, म्हणजे उद्या हात वर करता येतात. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने मदतीला जी स्थानिक टोळी उभारली, तिलाही नाव दिलं रझाकारच. शब्द आमच्याकडून तिकडे गेला असं मी म्हणत नाही, पण रचना तीच होती.

म्हणून कृत्याची चाळणी लागते, आणि ती लावायला पुरावा लागतो. रवांडाच्या लेओं मुगेसेरा याने 22 नोव्हेंबर 1992 रोजी एका सभेत तुत्सी लोकांविरुद्ध चिथावणीचं भाषण केलं. पुढल्या वर्षी तो कॅनडात दाखल झाला, विद्यापीठात शिकवू लागला. त्याने स्वतः कुणावर कोयता उगारला नव्हता. पण भाषणाची ध्वनिफीत होती. 2005 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला देशाबाहेर काढण्याचा हुकूम कायम केला, प्रत्यक्षात तो 2012 मध्ये परत पाठवला गेला आणि 2016 मध्ये रवांडात त्याला जन्मठेप झाली. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची, बंगालचा उपसागर निजामाचे पाय धुईल अशी भाषणं रझवीने भर सभांतून केली होती. मुगेसेराचं प्रकरण वाचताना दर पानाला मला तीच आठवत होती. वकिलाची जीभ हे शस्त्र असतं, आणि कायद्याला ते पकडता येतं, जर कुणी शब्द जपून ठेवले असतील तर.

आमच्या बाजूची चूक

इथे मी आपल्याच व्यवस्थेवर बोट ठेवतो. रझवीची जी शिक्षा टिकली ती मराठवाड्यातल्या एकाही गावासाठी नव्हती. बिलोली तालुक्यात अर्जापूरला गोविंदराव पानसरे मारले गेले तेव्हापासून, 1946 पासून, इथली गावं सोसत होती. कुणाचं घर कुणी पेटवलं, हुकूम कुणाचा, चौकीवर त्या रात्री कोण होतं, हे गावोगाव तोंडपाठ होतं. ते न्यायालयाच्या कागदावर उतरलं असतं तर रझवी कुठेही गेला असता तरी त्याच्या मागे एक दप्तर गेलं असतं. दप्तर नव्हतं, म्हणून तो कराचीत उतरला तो एका दरोड्याची शिक्षा भोगलेला पुढारी म्हणून. तिथल्या लोकांनी त्याला धर्मासाठी तुरुंग भोगलेला नेता मानलं, यात मला नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट ती अट. शिक्षा पुरी झाली, आता देश सोड. सरकारला ब्याद टाळायची होती, हे मी समजू शकतो. 1957 साली त्याला परत लातूरच्या गंजगोलाईत फिरू देणं म्हणजे राखेत फुंकर घालणं झालं असतं. पण हद्दपारी हा हिशोब चुकता करण्याचा मार्ग नव्हे. तो इथे राहिला असता तर निदान विचारता आलं असतं. साक्ष काढता आली असती, एखाद्या गावाने नवी फिर्याद केली असती. सरहद्द ओलांडली आणि सगळे प्रश्न कराचीच्या वेशीबाहेर राहिले.

काही जाणकार म्हणतात की अशा माणसांना जायला वाट ठेवावी, नाहीतर ते शेवटपर्यंत लढतात आणि रक्त वाहतं. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन 2003 साली सौदी अरेबियात अंथरुणावर मेला, इथिओपियाचा हुकूमशहा मेंगिस्तू 1991 पासून झिम्बाब्वेत राहिला. सिंहासनावर बसलेल्या माणसाबाबत हा युक्तिवाद मी ऐकून घेईन. एका विमानाच्या तिकिटाने चार शहरं वाचत असतील तर वाचोत. पण रझवीच्या हातात 1957 मध्ये काय होतं? नऊ वर्षं तुरुंगात काढलेला माणूस, फौज मोडलेली, संस्थान संपलेलं. त्याला वाट देऊन कुणाचा जीव वाचणार नव्हता. वाचली ती फक्त अडचण.

शिक्षा भोगून झाल्यावर दुसऱ्या देशाने दार बंद करणं ही दुसरी शिक्षा नाही का, असाही प्रश्न येतो. माझं उत्तर नाही असं आहे. परक्या देशात वस्ती करणं हा कुणाचा हक्क नसतो. आपल्या घरात कुणाला राहू द्यायचं हे विचारणं म्हणजे पाहुण्याला तुरुंगात टाकणं नव्हे. आणि ज्या मुलखात त्याच्या हुकमाने होरपळलेली माणसंही पळून आलेली असतात, तिथे हे विचारणं आणखी गरजेचं असतं. हैतीचे, रवांडाचे, चिलीचे कितीतरी निर्वासित परक्या शहरात आपला छळ करणाऱ्याला समोरून येताना पाहून हादरलेले आहेत. बार्शीच्या बाजारात आमच्या आजोबांना रझाकारांचा सालार, म्हणजे टोळीचा म्होरक्या, भाजी घेताना दिसला असता तर त्यांना काय वाटलं असतं, एवढंच मी स्वतःला विचारतो.

आणि ज्यांना कुणी विचारलंच नाही

पण हे प्रकरण इथे थांबवलं तर ते अर्धं राहील, आणि अर्धं सांगणं मला मान्य नाही.

पोलीस ॲक्शननंतर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये संस्थानात फिरली. त्यांचा अहवाल कितीतरी दशकं बंद राहिला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे ॲक्शनच्या काळात आणि नंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक सगळी मुसलमान. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे त्यांनी नोंदवले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर रझवीचं गाव म्हणून तिथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली, असं अहवाल सांगतो.

रझवी त्या वेळी सरकारच्या ताब्यात, पहाऱ्यात, सुरक्षित होता. त्याच्या नावाचा सूड भोगला तो आतार, तांबोळी, पिंजारी, सुटी मजुरी करणारी माणसं आणि त्यांच्या लेकरांनी. त्यांच्यातले किती रझाकार होते, किती नव्हते, किती जण भीतीने गणवेश चढवून उभे होते, हे कुणी विचारलं नाही. ज्याच्या विरुद्ध साक्ष निघू शकली असती त्याला अपील मिळालं आणि कराची मिळाली. ज्यांच्या विरुद्ध काहीच नव्हतं त्यांना विहिरी मिळाल्या.

म्हणून जुलमी राजवटीची माणसं रोखायचा कायदा करताना मला सर्वांत जास्त भीती वाटते ती सरसकट शिक्क्याची. निजामाच्या राज्यात पाटील, कुळकर्णी, देशमुख, शाळामास्तर, नाक्यावरचे कारकून, सगळे त्याच सरकारची नोकरी करत होते. माझे पणजोबा तहसिलीत मोहरीर, म्हणजे कारकून, होते. दर महिन्याला हाली शिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या नाण्यांतला, पगार घेत होते. राजवटीत नोकरी केली एवढ्यावर दार बंद करायचं तर आमचं अख्खं घर बाहेर राहील. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 2013 साली असंच एक प्रकरण आलं होतं. एझोकोला नावाचा काँगोच्या सरकारचा एक राजनैतिक अधिकारी, 2008 मध्ये नोकरी सोडून कॅनडात आश्रयाला आलेला. न्यायालयाने सांगितलं की नुसतं सरकारात असणं पुरेसं नाही. त्या माणसाने गुन्ह्याला स्वेच्छेने, जाणीवपूर्वक आणि लक्षणीय हातभार लावला होता का, ते पाहा. हे तीन शब्द मी वहीत वेगळे लिहून ठेवलेत.

हे तीन शब्द विसरले की काय होतं, ते आपल्याच जवानांनी भोगलं आहे. 2010 साली सीमा सुरक्षा दलाच्या एका निवृत्त जवानाला कॅनडाने व्हिसा नाकारला, आणि कारण असं दिलं की त्याचं दलच हिंसक म्हणून कुप्रसिद्ध आहे. त्याने स्वतः काय केलं याचा एक शब्द नव्हता. भारताने कडक आक्षेप घेतला, कॅनडा सरकारने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. उदगीर, अहमदपूर, कंधार भागातून दरवर्षी कितीतरी पोरं या दलांत भरती होतात. त्यांच्यावरचा असा शिक्का मला जितका झोंबतो, तितकाच 1948 च्या लातुरातला शिक्काही झोंबला पाहिजे.

जमादारांना मी अर्जासोबत नोकरीचा पूर्ण तपशील जोडायला लावला. कोणतं ठाणं, कोणतं साल, काम काय, बदली कधी. रिकामी जागा ठेवू नका म्हटलं. विचारणाऱ्याला कागद द्या, म्हणजे तो दलाकडे पाहणार नाही, तुमच्याकडे पाहील. ते बसून दोन तास लिहीत होते.

माझी आजी सांगायची, रझाकाराच्या वक्ताला त्यांच्या गावच्या चौकीवर एक अमीन होता. रझाकारांची टोळी येणार अशी खबर लागली त्या सांजेला त्याने चावडीवर निरोप धाडला की आज रात्री चौकीचा कंदील विझलेला असेल, बायालेकरांना घेऊन नदीच्या अंगाने निघा. चाळीसएक माणसं त्या अंधारातून बार्शीच्या वाटेला लागली. आजीच्या कडेवर माझी मोठी आत्या होती. आजी त्याचं नाव घ्यायची नाही, 'अमीनसाब' म्हणायची. निजामाचा नोकर, निजामाच्या पगारावर, निजामाच्या टोपीत. ॲक्शन झाली, महिनाभराने सगळी गावी परतली. आजी पहिल्यांदा चौकीमागच्या त्याच्या घराकडे गेली, वाटेतल्या मळ्यातल्या दोन भाकरीच्या ज्वारीची कणसं पदरात घेऊन. घराला कुलूप नव्हतं, आणि दारही नव्हतं.